सौम्य हिवाळा आणि बाहेर ठेवलेली सक्युलंट व पर्णशोभेची झाडे

काटेकोर :

ज्या ठिकाणी हिवाळ्यातील रात्रीचे तापमान साधारणपणे ५ ते १२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते, क्वचित एखाद्या रात्री शून्याच्या आसपास उतरते आणि दिवसा बऱ्यापैकी ऊन मिळते, अशा ठिकाणी बहुतेक सक्युलंट (पाणी साठवून ठेवणारी झाडे) आणि पर्णशोभेची पुष्कळशी झाडे बाराही महिने बाहेर राहू शकतात. तरीही हिवाळा सरता सरता काही कुंड्या रिकाम्या होतात आणि त्याचे खापर थंडीवर फोडले जाते. माझे मत आरंभीच स्पष्टपणे मांडतो. अशा हिवाळ्यात निव्वळ थंडीने मरणारी सक्युलंट थोडी असतात. थंड आणि ओल्या मातीत मुळे कुजून मरणारी कितीतरी अधिक असतात.

यामागचे कारण साधे आहे. थंडीत मुळांचे काम मंदावते, दिवस लहान असल्यामुळे पाने पाणी कमी उडवतात आणि उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत सुकणारी कुंडी आता दोन-तीन आठवडे ओली राहते. पाण्याने भरलेल्या मातीत हवा खेळत नाही, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि पिथियम, फायटोफ्थोरा यांसारख्या मूळकूज करणाऱ्या रोगकारकांना रान मोकळे मिळते. याउलट कोरड्या मातीतले सक्युलंट थंडी अधिक चांगली सोसते, कारण त्याच्या पेशींतला रस दाट झालेला असतो आणि दाट रस गोठायला तापमान आणखी खाली उतरावे लागते. म्हणूनच जेड हे एकच सक्युलंट कोरड्या कुंडीत एखादी शून्याजवळची रात्र निभावून नेते आणि भिजलेल्या कुंडीत त्याच रात्री मऊ पडते.

परंतु यावरून ‘हिवाळ्यात सगळ्यांचे पाणी तोडा’ असा सरसकट निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. हा सल्ला फार ऐकू येतो आणि त्याने नुकसानही होते. सक्युलंट हा काही एक वनस्पतिकुळाचा गट नव्हे. पाणी साठवण्याची सवय असलेल्या, परस्परांशी नाते नसलेल्या अनेक कुळांतल्या झाडांना आपण हे नाव दिलेले आहे. त्यांचे वाढीचे ऋतू वेगवेगळे असतात. कॅनरी बेटांवरून आलेल्या एओनियमच्या मूळ प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे त्याची वाढ थंडीत होते आणि कडक उन्हाळ्यात ते पाने मिटून झोपी जाते. डडलिया आणि कोनोफायटम यांचेही असेच आहे. दुसऱ्या टोकाला अडेनियम, पॅकिपोडियम आणि बहुतेक निवडुंग असतात. यांचा विसावा हिवाळ्यात असतो. एचेवेरिया, ग्रॅप्टोपेटलम, हॉवर्थिया, गॅस्टेरिया ही मंडळी मधली. त्यांना फार उष्णताही नको आणि फार थंडीही नको, आणि सौम्य हिवाळ्यात ती हळूहळू का होईना, वाढत राहतात.

तेव्हा पाणी देण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. हे झाड आत्ता वाढते आहे का? आणि या कुंडीची माती किती दिवसांत सुकते? वाढणाऱ्या एओनियमला वरची माती सुकताच पाणी द्यावे. अडेनियमची पाने गळून गेली असतील तर त्याला पाणी जवळजवळ बंदच करावे. मधल्या गटाला संपूर्ण कुंडी तळापर्यंत सुकल्यावर, उन्हाच्या दिवशी, सकाळी, एकदाच भरपूर पाणी द्यावे आणि पुन्हा सुकेपर्यंत हात लावू नये. घोट-घोट पाणी रोज देणे सर्वांत वाईट, कारण त्याने वरचा थर कायम ओलसर राहतो आणि खालची मुळे तहानलेलीच राहतात.

आपापले अनुभव आणि मतभेद जरूर मांडावेत. पर्णशोभेच्या झाडांविषयी इतरांनी लिहावे अशी विनंती आहे.

अर्धसावली :

पर्णशोभेच्या झाडांविषयी लिहिते. काटेकोर यांनी सक्युलंटबद्दल जे म्हटले आहे ते मला मान्य आहे, पण ‘थंडीने फार कोणी मरत नाही’ हे विधान पर्णशोभेच्या झाडांना लावू नये. उष्ण कटिबंधातल्या दाट जंगलांच्या तळाशी वाढणाऱ्या झाडांना इजा व्हायला बर्फाची गरजच नसते. शून्याच्या पुष्कळ वर, अगदी दहा-बारा अंशांवरही त्यांच्या पेशींचे आवरण बिघडते. गोठण्याने होणारी इजा आणि गारठ्याने होणारी इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत पेशींमध्ये बर्फ तयार होतो आणि पान दुसऱ्या दिवशी उकडल्यासारखे दिसते. दुसरीत बर्फ नसतोच, आणि लक्षणे कित्येकदा काही दिवसांनी उमटतात, त्यामुळे कारण कळत नाही. माणूस खत बदलतो, माती बदलतो, औषध फवारतो, आणि खरे कारण मागच्या आठवड्यातली एक गार रात्र असते.

अग्लोनेमा यात सर्वांत नाजूक. तापमान १२-१३ अंशांखाली गेले की पानांवर काळपट, तेलकट दिसणारे डाग पडू लागतात. डिफेनबॅकिया आणि कॅलेथिया फारसे मागे नाहीत. क्रोटन पानांचा रंग सांभाळतो, पण अचानक पारा उतरला तर पाने टाकून देतो. कोलियस दहा अंशांखाली कोमेजून काळे पडू लागते. त्याचे शेंडे आधीच तोडून पाण्यात किंवा हलक्या मातीत लावून घराच्या आत ठेवावेत आणि मूळ झाडाचा मोह सोडावा. मनीप्लांट, सिंगोनियम आणि मॉन्स्टेरा दहाच्या आसपास तग धरतात, वाढ मात्र थांबवतात. त्यांना भिंतीलगत, वळचणीखाली, वाऱ्याच्या आड जागा दिली तर हिवाळा निभतो.

कॅलेडियमचा विषय वेगळा आहे. त्याची पाने हिवाळ्यात पिवळी पडून लवतात ती आजाराने नव्हे, तो त्याचा विसावा आहे. पाने सुकू द्यावीत, पाणी थांबवावे आणि कंद कोरड्या मातीतच, १५ अंशांहून अधिक तापमान राहील अशा जागी ठेवून द्यावेत. थंड ओल्या मातीत ठेवलेला कंद परत उगवत नाही.

आता दुसरी बाजू. पर्णशोभेतच अशी झाडे आहेत ज्यांना सौम्य हिवाळा म्हणजे काहीच नव्हे. ॲस्पिडिस्ट्रा आणि फॅट्सिया हलके हिमकणही सोसतात. ऑफिओपोगॉन तर त्याहून काटक. क्लोरोफायटम आणि शोभेच्या शतावरीची जाडसर मुळे अन्नपाणी साठवतात, त्यामुळे वरची पाने थोडी पोळली तरी झाड तळातून पुन्हा फुटते. सायकसलाही किरकोळ हिमकणांचे भय नाही. हिवाळ्यात बाहेरची बाग भरलेली दिसावी असे वाटत असेल तर अग्लोनेमाला गोधड्या गुंडाळत बसण्यापेक्षा या झाडांची संख्या वाढवणे शहाणपणाचे, असे मला वाटते.

नवशिका माळी :

दोघांचेही लेखन उपयुक्त आहे. मला तीन शंका आहेत. एचेवेरियाची खालची पाने पिवळसर, पारदर्शक होऊन बोट लावताच गळत आहेत. मधला गुच्छ मात्र ठणठणीत दिसतो. हॉवर्थियाची पाने आकसून सुरकुतली आहेत, म्हणून तिला पाणी वाढवावे का? आणि जेडच्या पानांच्या कडा लाल झाल्या आहेत, हा रोग आहे की थंडीचा परिणाम? सगळ्या कुंड्या उघड्या गच्चीवर आहेत आणि खाली प्लास्टिकच्या बशा आहेत.

काटेकोर :

बशा आजच काढाव्यात. हिवाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या सक्युलंटखाली बशीचे काहीच काम नाही. पावसाची एखादी सर आली तरी तीत पाणी साचते आणि कुंडीचा तळ दिवसेंदिवस भिजत राहतो. कुंड्या दोन विटांवर टेकवल्या तर भोकांतून पाणी मोकळेपणाने निघते आणि खालून हवाही लागते.

एचेवेरियाची पारदर्शक, मऊ पाने हे पाण्याच्या अतिरेकाचे लक्षण आहे. तहानलेल्या झाडाचीही खालचीच पाने जातात, पण ती कागदासारखी वाळून जातात, त्यामुळे हा फरक हाताला लगेच कळतो. मधला गुच्छ घट्ट आहे म्हणजे अजून वेळ आहे. कुंडी पावसापासून आडोशाला न्यावी, गळकी पाने काढून टाकावीत आणि खोड तपासावे. खोड तळाशी तपकिरी किंवा मऊ लागले तर वाट पाहू नये. स्वच्छ, धारदार सुरीने खालून वर थोडे थोडे कापत जावे आणि आतला गर सर्वत्र एकसारखा, डागविरहित दिसेल तिथले वरचे टोक घ्यावे. कापाचा भाग सावलीत नीट सुकू द्यावा. थंडीत याला उन्हाळ्यापेक्षा अधिक दिवस लागतात, घाई करू नये. मग तो गुच्छ कोरड्या, भरड मिश्रणावर नुसता टेकवून ठेवावा. मुळे दिसू लागल्यावरच पाणी द्यावे.

हॉवर्थियाच्या बाबतीत आधी माती पाहावी. सुरकुत्या आणि कोरडी माती असेल तर तहान आहे. पाणी द्यावे, काही दिवसांत पाने भरतात. सुरकुत्या आणि ओली माती असेल तर मुळेच उरलेली नाहीत, आणि तेव्हा पाणी वाढवणे म्हणजे उरलेसुरलेही घालवणे. झाड हलकेच ओढून पाहावे. सहज हातात आले तर कुजलेली मुळे साफ करून ते कोरड्या मिश्रणात नव्याने लावावे. मातीची ओल वरून दिसत नाही, म्हणून लाकडी काडी तळापर्यंत खुपसून काढावी. काडीला माती चिकटली किंवा ती गार, दमट लागली तर पाण्याची वेळ झालेली नाही. थोड्या सवयीने नुसती कुंडी उचलूनही वजनावरून कळते.

जेडच्या लाल कडांविषयी इतर कोणी अधिक नेमके लिहू शकेल.

देठापासून :

जेडच्या लाल कडा हा रोग नव्हे. थंडीत प्रकाश पुष्कळ मिळतो, पण पानांची अन्न तयार करण्याची गती मंदावलेली असते. अशा वेळी जास्तीचा प्रकाश पानाला झेपत नाही. एचेवेरिया, जेड, सेडम, एओनियम यांच्या कुळातली झाडे तेव्हा अँथोसायनिन हे लाल-जांभळे रंगद्रव्य तयार करतात, आणि ते उन्हाच्या बाजूला, कडांवर, शेंड्यांवर ठळक दिसते. निवडुंग आणि पोर्टुलाकारिया यांच्यात मात्र अँथोसायनिन नसतेच; त्यांचा गुलाबी-जांभळा रंग बीटालेन या वेगळ्या गटातल्या रंगद्रव्यांचा असतो. दिसायला रंग सारखा, रसायन निराळे.

रंग हवा असेल तर भरपूर ऊन, गार रात्री आणि बेताचे पाणी या तिन्ही गोष्टी लागतात, आणि सौम्य हिवाळा नेमके हेच देतो. नत्रयुक्त खत देत राहिले तर मात्र झाड हिरवेगार, लुसलुशीत राहते आणि ती कोवळी वाढच थंडीत आधी बळी पडते. एक खबरदारी सांगतो. रंग चढत असतानाच पाने सुरकुतत असतील, तर तो रंग केवळ उन्हाचा नसून तहानेचाही आहे असे समजावे.

दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक या झाडांना मानवतो, त्यालाही कारण आहे. बहुतेक सक्युलंट पानांवरची छिद्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, तो आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा प्रकाशात वापरतात. रात्र गार असली तर छिद्रे उघडी ठेवूनही पाणी कमी उडते.

खापराची कुंडी :

मिश्रणाविषयी कोणी फारसे लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते हिवाळ्यातली निम्मी लढाई कुंडी भरतानाच जिंकली किंवा हरली जाते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेले मिश्रण उन्हाळ्यात सोयीचे वाटते, पण थंडीत ते पाणी सोडत नाही; आणि एकदा पूर्ण सुकले की पाणी घेतही नाही, कडेने वाहून जाते. सक्युलंटसाठी अर्ध्याहून अधिक भाग भरड असावा. विटांचे बारीक तुकडे, जाडी वाळू, पर्लाइट किंवा प्युमिस (हलके, सच्छिद्र खडे), यांपैकी जे मिळेल ते चालते, मात्र त्यातली धूळ चाळून काढलेली हवी. बारीक वाळू घालून निचरा सुधारत नाही, उलट ती पोकळ्या भरून टाकते.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालण्याची पद्धत सोडून द्यावी असे मला वाटते. पाणी बारीक मातीतून भरड थरात सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भरल्यावरच ते खाली झिरपते. त्यामुळे तळाशी जो भिजलेला पट्टा राहायचा, तो खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ तयार होतो. खडी वापरायचीच असेल तर ती संपूर्ण मिश्रणात मिसळावी.

मातीच्या भाजलेल्या कुंड्या बाजूंनी पाणी उडवतात, म्हणून ओल लवकर जाते. पण त्याच कारणाने त्या आतली माती गारही करतात. सक्युलंटला हे चालते, कारण त्यांना गारव्यापेक्षा ओलीचा धोका मोठा. मनीप्लांट, सिंगोनियम यांसारख्या झाडांना मी प्लास्टिकच्या कुंडीत ठेवणे पसंत करीन आणि पाण्यावर नियंत्रण ठेवीन.

अर्धसावली :

खडीबद्दल सहमत आहे. पाण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जोडते, जिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते, ती म्हणजे पाण्याचे तापमान. हिवाळ्यात उघड्या टाकीतले किंवा पाइपमधले पहाटेचे पाणी फार गार असते. आफ्रिकन व्हायोलेटच्या उबदार पानावर गार पाणी पडले की पांढरट-पिवळे वलयाकार डाग उमटतात आणि ते कायमचे राहतात. पाणी बादलीत काढून खोलीच्या तापमानाला आल्यावर द्यावे, आणि पानांवर न ओतता मातीत द्यावे.

थंडीत पानांवर पाण्याचा फवारा मारू नये. हवा कोरडी वाटते आणि पानांची टोके तपकिरी होतात हे खरे, पण फवाऱ्याने दमटपणा काही मिनिटेच वाढतो, आणि रात्रभर ओली राहिलेली पाने बुरशीला आमंत्रण देतात. कुंड्या एकमेकींजवळ ठेवणे आणि थेट वारा अडवणे याचा उपयोग अधिक होतो.

नवशिका माळी :

उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. बशा काढल्या, हॉवर्थियाची माती ओलीच निघाली. गच्ची उघडी असल्यामुळे आणखी एक प्रश्न आहे. हवामानाच्या अंदाजात किमान तापमान ३ अंश दाखवले, तरी सकाळी काही पानांवर पांढरे हिमकण होते. हे कसे? आणि अशा रात्री झाडे कशाने झाकावीत?

देठापासून :

अंदाजातले तापमान हे हवेचे असते आणि ते जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, आडोशात ठेवलेल्या तापमापकाने मोजतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकत राहतात, त्यामुळे ती भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतात. गार हवा जड असल्याने खोलगट जागेत साचते. म्हणून अंदाजात ३ अंश असताना पानावर हिमकण दिसणे यात नवल नाही. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री हे सहसा होत नाही.

यावरून उपायही निघतो. झाडाला वरून आकाश ‘दिसू’ देऊ नये. छपराखाली, दाट झाडाच्या फांदीखाली किंवा नुसत्या कापडी मांडवाखाली ठेवलेली कुंडी उघड्यावरच्या कुंडीपेक्षा उबदार राहते. दिवसभर ऊन खाल्लेली भिंत रात्री ती उष्णता हळूहळू परत देते, तेव्हा भिंतीला लागून, वर आच्छादन असलेली जागा सर्वांत चांगली. गच्चीवर अशी एकच जागा असेल तर ती नाजूक झाडांना द्यावी; घायपात, जेड, ग्रॅप्टोपेटलम यांनी उघड्यावर राहावे.

झाकायचे असेल तर हलके, हवा खेळणारे कापड वापरावे, सूर्य मावळताना घालावे आणि ते जमिनीपर्यंत पोहोचू द्यावे, म्हणजे खालून येणारी ऊब आत अडकते. नुसता शेंडा गुंडाळून बाजू उघड्या ठेवल्या तर उपयोग थोडा. प्लास्टिक पानांना टेकले तर टेकलेल्या जागीच पाने पोळतात, शिवाय सकाळी ऊन चढताच आत वाफ धरते. कोणतेही आच्छादन सकाळी काढावे. रात्रीचे किमान तापमान बहुधा सूर्योदयाच्या सुमारास असते, त्यामुळे पहाटे लवकर उठून आच्छादन काढण्याचा उत्साह आवरावा.

एखादी रात्र अधिक वाईट गेली आणि पाने काळवंडली तर कात्री लगेच उचलू नये. मेलेली पाने खालच्या जिवंत भागाला पुढच्या रात्री झाकतात. शिवाय किती भाग खरोखर गेला आहे हे काही दिवसांनीच कळते. कुजून मऊ झालेला, दुर्गंधी येणारा भाग मात्र तेवढा काढावा.

काटेकोर :

जागेबद्दल चर्चा निघालीच आहे तर उन्हाच्या कोनाविषयी लिहितो. हिवाळ्यात सूर्य फक्त कमी वेळच दिसतो असे नाही, तो आकाशात कमी उंचीवर दिसतो. ३० अक्षांशावर उन्हाळ्याच्या मध्याला दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८३ अंश वर असतो, हिवाळ्याच्या मध्याला केवळ ३७ अंश. याचा परिणाम दोन्हीकडे होतो. उन्हाळ्यात छपरामुळे पूर्ण सावलीत असलेल्या जागी आता तिरपे ऊन आतपर्यंत शिरते, आणि उन्हाळ्यात उन्हात असलेल्या जागेवर समोरच्या भिंतीची लांब सावली दिवसभर पडून राहते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडची आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडची बाजू हिवाळ्यात सर्वांत मोलाची. एचेवेरियाची पाने खाली झुकू लागली, पेरांतले अंतर वाढले आणि मधला गुच्छ फिकट होऊन उंच निघाला, तर ती प्रकाशाची मागणी आहे. एकदा लांबलेले खोड परत आखूड होत नाही.

जाता जाता एक गोष्ट, जी या धाग्यात बसते की नाही ठाऊक नाही. कलांचो ब्लॉसफेल्डियाना दिवस लहान झाल्यावरच कळ्या धरते; तिला दररोज सलग लांब अंधार लागतो. जिन्यातला किंवा दारावरचा दिवा रात्रभर तिच्यावर पडत असेल तर पाने उत्तम दिसतात आणि फुले येत नाहीत. खत बदलण्याआधी दिवा पाहावा.

खापराची कुंडी :

किडींचा उल्लेख राहिला आहे. थंडीत किडी नाहीशा होतात हा समज खरा नाही. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके करून बसतो, आणि कोरड्या ठेवलेल्या कुंड्यांत त्याचा मुळांवर राहणारा भाऊबंदही आढळतो. कारण नसताना झाड खंगत असेल तर ते कुंडीतून काढून मातीच्या कडेला पांढरी मेणासारखी भुकटी आहे का ते पाहावे. थोड्या पुंजक्यांसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पुरतो. आधी एका पानावर करून पाहावे आणि त्या दिवशी झाड उन्हात ठेवू नये.

तेलकट फवारणी एचेवेरियावर करू नये. पानांवरचा पांढरा मेणाचा थर तेलाने आणि बोटांनी निघून जातो, आणि त्या पानावर तो पहिल्यासारखा परत येत नाही. तो थर केवळ शोभेचा नाही. तो ऊन परावर्तित करतो आणि पाणी घसरवून टाकतो.

नवशिका माळी :

शेवटचे दोन प्रश्न. हिवाळा संपत आला हे कशावरून ठरवायचे आणि तेव्हा काय बदलायचे? आणि एका कुंडीत लिथॉप्स (दगडासारखे दिसणारे सक्युलंट) आहे. त्याच्या दोन पानांमधली फट रुंद होते आहे आणि बाहेरची पाने मऊ पडत आहेत. त्याला पाणी कमी पडते आहे का?

काटेकोर :

तारखेवरून ठरवू नये. रात्रीचे तापमान सलग आठवडाभर बारा-तेरा अंशांच्या वर राहू लागले आणि शेंड्यांवर नवी वाढ दिसली की विसाव्यातल्या झाडांना पाणी द्यायला हरकत नाही. सुरुवात थोड्या पाण्याने करावी, कारण कोरड्या काळात बारीक केसमुळे बरीच गेलेली असतात आणि ती परत येईपर्यंत झाडाला पूर्ण कुंडीभर पाणी उचलता येत नाही. अडेनियमला फुटवे दिसेपर्यंत थांबावे. कुंडी बदलणे आणि खत देणे हे त्यानंतरचे काम आहे. मंद अवस्थेतल्या झाडाची मुळे हलवून त्याला थंडीत सोडू नये. एओनियमचा क्रम याच्या उलट चालतो. इतर झाडांचे पाणी वाढत असताना त्याचे हळूहळू कमी करायचे असते, आणि त्याची छाटणी व फांद्या लावणे थंडी असतानाच उरकावे. त्याच्या सुट्या पानापासून सहसा रोप होत नाही, खोडाचा तुकडाच घ्यावा.

घरात किंवा आडोशाला ठेवलेली झाडे एकदम उन्हात काढू नयेत. हिवाळ्यात सावलीत वाढलेले पान पातळ असते आणि सूर्य वर येताच पोळते. पोळलेला डाग पुसला जात नाही. आधी सकाळचे ऊन द्यावे, मग क्रमाक्रमाने वाढवावे.

लिथॉप्सला पाणी मुळीच देऊ नये. फटीतून नवी जोडी वर येते आहे आणि ती बाहेरच्या जुन्या पानांमधले पाणी व अन्न शोषून वाढते, म्हणून जुनी पाने मऊ पडतात. या काळात पाणी मिळाले तर जुनी पाने पुन्हा फुगतात, नवी जोडी त्यांच्यात अडकते आणि एकावर एक दोन जोड्या राहून झाड कुजण्याची शक्यता वाढते. जुनी पाने वाळून कागदासारखी झाली की पहिले पाणी द्यावे. ती हाताने ओढून काढू नयेत.